अठ्ठावन्नातला नववा

व्हर्न टेकिप्पी बोलायला लागला की आमच्या गावचे लोक घड्याळाकडे बघत आणि बाहेरगावचे लोक वही काढत. एकतीस वर्षं तो सहकारी धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसला. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की आकडा स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक वाक्य संपवायची त्याला सवय झाली होती. वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला नेमकं तेवढंच वाक्य लागतं, हे त्याला निवृत्त झाल्यावर कळलं.

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, याची पहिली चाचणी आमच्या आयोवा राज्यात होते. त्यामुळे दर चार वर्षांनी आमच्या वेल्डन क्रीकमध्ये अशी माणसं येतात, ज्यांना एरवी आमच्या गावावरून फक्त विमानाने जायचं असतं. त्यांच्या प्रचाराचं काम करणारी तरुण मुलं तर आधीच्या उन्हाळ्यापासून मुक्कामाला असतात. त्या हिवाळ्यात माझ्या दारच्या पायऱ्यांवरचं बर्फ तीन उमेदवारांच्या मुलांनी आळीपाळीने उपसलं. चौथ्याची मुलं आली तेव्हा उपसायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी माझा कुत्रा फिरवून आणला.

गव्हर्नर लॅमकिन सगळ्यांच्या पुढे होते. ते कॅफेत आले ते कामकऱ्याचे बूट घालून. खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या व्हर्नला कुणा बातमीदाराने विचारलं, कसे वाटले गव्हर्नर? व्हर्न म्हणाला, "बूट चांगलेत. तळव्याचं लेबल काढलं असतं तर आणखी चांगले दिसले असते."

हे वाक्य सहा वर्तमानपत्रांत आलं. तेव्हापासून व्हर्नचा नंबर बातमीदारांनी एकमेकांना देऊन टाकला, जसा आपण चांगल्या प्लंबरचा देतो. 'अजून न ठरलेला मतदार' म्हणून रोज एक-दोन जण त्याच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावत. तोही दार उघडायचा, कारण त्याला एक गोष्ट सांगायची होती.

त्याची बायको लव्हॉन. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिस लागायचं, आणि ते पाच गल्ल्या पलीकडे, काउंटीच्या रुग्णालयात व्हायचं. तिथे चार खुर्च्या होत्या. एकतीस मार्चला तो विभाग बंद करायचं ठरलं होतं. त्यानंतरची सगळ्यात जवळची खुर्ची चौऱ्याहत्तर मैलांवर होती. व्हर्न हे प्रत्येक बातमीदाराला सांगे. ते माना डोलावत, "फार वाईट" म्हणत, आणि छापून येई ते बुटांचं, नाहीतर लव्हॉनने भाजलेल्या ॲपल पायचं. जपानहून आलेल्या एकाने मात्र सगळं लिहून घेतलं. ते जपानमध्ये छापून आलं असावं.

मग डिसेंबरात सिनेटर रेनिक आले. चाचण्यांमध्ये ते चौथे होते, म्हणजे त्यांना वेळ होता. कॅमेऱ्यासाठी दहा मिनिटं बसायचं ठरलं होतं. कॅमेरा गेला तरी ते बसून राहिले. त्यांनी लव्हॉनची बाही वर करून सुई टोचायची जागा पाहिली, कुठल्या हाताला दुखतं ते विचारलं, आणि लहान रुग्णालयांमधल्या या खुर्च्या टिकवायचं विधेयक मी आणीन म्हणाले. जाताना त्यांनी आपली बशी स्वतः विसळली.

"विसळली खरी, पण साबण नाही लावला," लव्हॉन म्हणाली.

"अगं, सिनेटर आहे तो. सुरुवात तर झाली," व्हर्न म्हणाला.

त्या दिवशी व्हर्नचं ठरलं आणि फोन थांबले. ज्याचं ठरलंय अशा मतदाराचा टीव्हीला काही उपयोग नसतो. "लग्न ठरलेल्या मुलाला कोण बघायला येतंय?" लव्हॉनने त्याला चिडवलं. व्हर्नने मग उलट फोन करायला घेतले: शेजारी, चर्चमधली माणसं, कोठारावरचे जुने सोबती. रेनिकसाठी त्याने पाच आठवडे हेच काम केलं.

आमच्याकडे त्या रात्री चिठ्ठी टाकायची नसते. संध्याकाळी सातला शाळेच्या जेवणघरात जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, उभं राहायचं. मग डोकी मोजतात. जमलेल्यांच्या शेकडा पंधरा माणसं ज्या कोपऱ्यात नसतील, तो कोपरा मोडतो. त्यातल्यांनी नऊची भरती करायची, नाहीतर दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी.

'नऊ' अशासाठी की त्या वर्षी अठ्ठावन्न लोक आले. मी सभेची सचिव होते, दारातली वही माझ्याकडे होती. रेनिकच्या कोपऱ्यात लव्हॉन घडीच्या खुर्चीवर बसली होती, भोवती सात जण उभे होते, आणि व्हर्न. बरोबर नऊ.

सातला पाच कमी असताना मेरेडिथ नावाची टीव्हीची मुलगी आत आली. गेल्या पाच आठवड्यांत तिने व्हर्नला एकदाही फोन केला नव्हता.

"मिस्टर टेकिप्पी, तुम्हाला शोधत होते! सव्वासातला थेट प्रक्षेपण आहे. दोन मिनिटं तुमची."

"थेट म्हणजे? मागाहून कापाकापी नाही?"

"नाही. जे बोलाल ते जाणार."

"काहीही बोललो तरी?"

"शिव्या सोडून," ती हसली.

व्हर्नने हिशेब केला, आणि तो हिशेब आमच्यापैकी कुणीही तसाच केला असता. सभा सुरू झाली की अध्यक्ष आधी पत्रं वाचतात. राज्य समितीचं पत्र, काउंटीचं पत्र, दोन्ही खासदारांच्या शुभेच्छा, आणि हो, ज्यांना उमेदवारी नको आहे त्यांचीही. अठ्ठावीस वर्षांत पत्रवाचन चाळीस मिनिटांच्या आत संपल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गेलन हॉफर अध्यक्ष होता, आणि गेलन तर दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा सावकाश वाचायचा.

"परत येईपर्यंत गेलन दुसऱ्या पानावर असेल," व्हर्न लव्हॉनला म्हणाला.

"टोपी घाल," ती म्हणाली.

तो गेला आणि कुणीतरी खिडकीतून बाहेर बघितलं. बर्फ आडवं पडायला लागलं होतं. मागच्या टेबलावरून सूचना आली की पत्रं वाचली असं समजावं. तिला लगेच अनुमोदन मिळालं. सगळ्यांनी एका सुरात 'हो' म्हटलं, लव्हॉननेही. तिला वाटलं, लवकर संपेल. अठ्ठावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. गेलन हातातल्या पत्रांकडे जरा खिन्नपणे बघत म्हणाला, "बरं तर. कोपऱ्यात व्हा, मंडळी."

लव्हॉनच्या लक्षात आलं. "गेलन, व्हर्न दाराबाहेर आहे रे. वहीत नाव आहे त्याचं."

"खोलीत असेल तोच मोजायचा, लव्हॉन. नियम मी केलेला नाही."

त्या आठांपैकी कुणी बोलवायला गेलं असतं तर सातच उरले असते. म्हणून मी गेले. दार उघडलं. झगझगीत दिव्याखाली व्हर्न कानात इयरफोन घालून उभा होता, टोपीवर बर्फ साचलेलं. अजून त्याची पाळी आली नव्हती. स्टुडिओतला माणूस दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात कॅमेरावाल्याने ओठांवर बोट ठेवलं. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की लोकांच्या कामात मध्ये मध्ये करू नये. मी दार हळूच लावून घेतलं, आवाज होणार नाही असं.

आत येऊन मी मोजलं. आठ. पुन्हा मोजलं, तरी आठच.

व्हर्न काय बोलला ते मला नंतर ॲरिझोनातल्या बहिणीकडून कळलं. स्टुडिओने विचारलं, काय वातावरण आहे तिकडे? व्हर्न म्हणाला, "जरा निसरडं आहे." आणि मग, "माझ्या बायकोला आठवड्यातून तीनदा..." एवढ्यात गव्हर्नर लॅमकिन हॉटेलच्या लिफ्टमधून बाहेर पडले. पडद्यावर लिफ्ट दिसायला लागली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत व्हर्नचे ओठ आणखी थोडा वेळ हलत होते. "तुमच्याकडे थंडी दिसतेय," बहीण म्हणाली.

तो आत आला तेव्हा मोडलेल्या कोपऱ्याला दिलेली पंधरा मिनिटं चालू होती. डार्लीन ओडेगार्ड लॅमकिनचा कोपरा सांभाळायची. हातात पीनट बटरच्या वड्यांचं ताट घेऊन ती आठांमध्ये फिरून आली होती. वडीबरोबर ती काउंटी अधिवेशनातलं प्रतिनिधीपदही देऊ करत होती. तिघे गेले होते. एकाच्या तोंडात वडी होती, त्यामुळे त्याला व्हर्नशी बोलता आलं नाही.

व्हर्नने टोपी काढली आणि तो सगळ्या कोपऱ्यांतून फिरला. गावातल्या प्रत्येकाला लव्हॉनची खुर्ची ठाऊक होती. एखादा दुसऱ्या प्रांतातला माणूस ओरडला असता, रडला असता. व्हर्न एवढंच म्हणत होता, "जमत असेल तर या. नसेल तरी हरकत नाही." लोक म्हणत, "बघतो हं, व्हर्न." आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

"डार्लीन, तीन माणसं उसनी दे," शेवटी तो म्हणाला. "तुझ्याकडे एकतीस आहेत."

"दिली असती रे. पण वरून सांगून ठेवलंय. रेनिक आज संपायला हवाय." तिने ताट पुढे केलं. "वडी घे."

त्याने घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

वेळ संपल्यावर गेलनने रेनिकच्या नावापुढे शून्य मांडलं. लव्हॉन म्हणाली, "चल, गाडी गरम करायला वेळ लागेल." दोघं कुठल्याच कोपऱ्यात गेले नाहीत.

व्हर्न आत असता तर रेनिकना आमच्याकडून एक प्रतिनिधी मिळाला असता आणि राज्यात ते चौथेच आले असते. हे मी त्याला हिशेब मांडून दाखवलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवसांनी रेनिकनी माघार घेतली आणि गव्हर्नर लॅमकिनना पाठिंबा दिला. एकतीस मार्चला खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. त्या दिवशी एकही कॅमेरा नव्हता. टीव्ही तेव्हा दुसऱ्या कुठल्या राज्यात होता.

एप्रिलपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचला टेकिप्प्यांची गाडी निघे आणि दुपारी तीनला परत येई. जूनमध्ये एका बुधवारी मी परसातल्या रुबार्बचे आंबट देठ द्यायला गेले तर गाडी दारातच.

"आठवड्यात दोनदा पुरे," लव्हॉनने आपणहून सांगितलं. "मला काय, तिथे झोपूनच राहायचं असतं. पण हा मागच्या शुक्रवारी गाडी चालवताना डुलकी घेत होता."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तू विचारू नकोस, मीही विचारलं नाही."

व्हर्न टेबलाशी बसला होता. "सांग ना तिला," तो मला म्हणाला. "तिसऱ्या दिवशी मी गेलनला गाडी चालवायला घेईन. डार्लीनही येईन म्हणालीय. सांग तिला, माणसं आहेत."

"बघते हं, व्हर्न," लव्हॉन म्हणाली, आणि रुबार्ब निवडायला बसली.