बाकावर बसलेली रजेवरची मुलगी

तुमच्या मुलीला शाळा बदलायची आहे आणि शाळेचा कॉम्प्युटर तिला सोडत नाही, तर तुम्ही कुणाच्या दारात जाल?

बाबा लूम कामगारांसाठी, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्यांसाठी, पत्रकं लिहायचे. छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवायचे. तिला न कळलेला शब्द तिथल्या तिथे खोडला जाई. त्यामुळे न कळणारा शब्द मला अजूनही अन्यायच वाटतो. लूमवाल्यांच्या वस्तीत, कामतघरच्या शाळेत शिकवायला लागले आणि असल्या शब्दांशी रोजची गाठ पडली.

आमच्याकडे एक रीत आहे. लूमवाल्यांची पोरं गावी जातात, परत येतात, म्हणून नाव कापायचं नाही, लांब रजा टाकायची. होळीला सातवीतली एक मुलगी गावी गेली, तेव्हा आमच्या क्लार्कभाऊंनी तिचीही टाकली. कुटुंब परतलं ते आमच्याकडे नाही, थेट जवळच्या वडप्याला. वडिलांनी लूम सोडून गोदामात काम धरलं होतं. वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधून नाव सुटल्याशिवाय तिकडची शाळा तिला बसू देईना.

मी सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर 'शाळा सोडणे' शोधलं. उत्तर आलं, शाळेचा लोगो कसा बदलावा. 'नाव काढणे' टाकलं, तर शिक्षकाचा पासवर्ड. 'दाखला' टाकलं, तर काहीच नाही.

"बाई, कशाला डोकं फोडता? मशीन हाय ते," क्लार्कभाऊ म्हणाले.

"मशीन नाही, भाऊ. कुणीतरी पगारी माणसानं लिहिलंय हे."

मुलगी रोज वडिलांबरोबर यायची आणि दप्तर मांडीवर घेऊन ऑफिसातल्या बाकावर बसायची. इथे हजेरी नाही, तिथे प्रवेश नाही. एकदा वडील भडकले. "मॅडम, मैंने लूम छोड़ा तो सेठ ने गाली देके छोड़ तो दिया. तुम्हारी मशीन तो सेठ से भी गई-गुज़री!"

मी मान खाली घालून पुन्हा शोधत बसले. दुसरं काय करणार?

शेवटी दुसऱ्या शाळेतल्या क्लार्कनं फोनवर सांगितलं, 'बहिर्गमन निष्पादन' असं शोधा. शाळा सोडण्याचं पान उघडलं. पहिलीच अट: विद्यार्थी रजेवर असल्यास प्रथम पुनर्सक्रियन करावे.

"म्हणजे काय, बाई?" मुलीनं विचारलं.

"म्हणजे आधी तू रजेवरून परत यायचं. मग जायचं."

"पण मी तर इथंच बसलेय."

नाव सुटलं, तोवर वडप्याला तिचा पहिला पेपर होऊन गेला होता. गणिताचा.

त्या पानाखाली एक प्रश्न असतो: ही माहिती उपयोगी पडली का? आम्ही कुणीच तिकडे कधी बघत नाही. तुम्ही बघा. पालक असाल तर शाळेच्या ऑफिसात जाऊन ते पान उघडायला लावा. 'नाही' दाबा, आणि खालच्या चौकटीत तुमच्या घरात बोलतात तसंच लिहा: पोरीचं नाव काढायचंय, कुठे दाबू?