तमांडाच्या ब्लॉगमधलं आमचं घर

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी तमांडा आमच्या लखनौच्या घरी आली. सहा वर्षांनी…

दार मीच उघडलं. 'आओ' म्हणताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. सहा वर्षांपूर्वी याच घरातून मी तिला जायला सांगितलं होतं.

तमांडा आफ्रिकेतल्या मलावीची. इथे एम.ए. करायला आली तेव्हा लखनौच्या महानगर नावाच्या भागातल्या आमच्या याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची. एकोणिसाव्या वर्षी तिने मावसबहिणीच्या जुन्या फोनवर ब्लॉग सुरू केला होता. दिवस गेले की मुलीची शाळा सुटते आणि तो मुलगा मात्र त्याच वर्गात बसून राहतो, असं तिच्या गावाबद्दलचं पहिलंच लिखाण.

मुली तिला उत्तरं लिहायला लागल्या. मग रेडिओवाल्यांनी बोलावलं, मग सरकारी समितीने. "आंटी, मैं तो बस लिखती थी, लोग पकड़कर मीटिंग में बिठाने लगे," असं हसत सांगायची.

माझ्या सासूबाईंशी तिचं फार जमायचं. आई मराठीत बोलायच्या, ती हिंदीत… दोघींचं कधी अडलं नाही.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. इथल्या मराठी बायका आल्या होत्या, कुणाचे मिस्टर आर्मीत, कुणाचे रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. तमांडाही माझी साडी नेसून बसली होती. सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून आई आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या भरत बसल्या होत्या. बाहेर येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं… या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आठवड्याभरात तमांडाने ते ब्लॉगवर लिहिलं. नावं नव्हती, पण इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकलीच. खाली एकीने लिहिलं, "ठेवा अजून भाडेकरू!"

मी तशीच वर गेले. आमच्याच घरी जेवून आमचीच बदनामी करतेस, दुसरी खोली बघ, म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "आंटी, झूठ लिखा है क्या?"

महिन्याभरात ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबागला राहायला गेली. आईंना मी सांगितलं, तिला तिथून युनिव्हर्सिटी जवळ पडते.

पुढे ती मायदेशी परतली. परराष्ट्र खात्याची परीक्षा दिली, पास झाली. आता दिल्लीत त्यांच्या उच्चायुक्तालयात थर्ड सेक्रेटरी आहे… आमच्या सोफ्यावर बसून हे सांगतानाही ती जरा अवघडलेलीच होती.

मग ती मुद्द्यावर आली. ब्लॉग महिनाअखेर बंद करायचाय. या नोकरीत राहून असं लिहिता येत नाही. त्याआधी, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांतल्या जमेल तितक्यांना ती भेटत होती. समोर बसलेल्या आईंकडे वळून ती म्हणाली, "दादी, आप पर भी लिखा था. तब आपसे पूछा नहीं. माफ़ी माँगने आई हूँ."

खरं सांगू? मला हायसं वाटलं. चला, एकदाचं ते पान जाणार…

पण आई सरसावून बसल्या. "माझ्यावर? काय लिहिलं होतंस गं? वाच बघू."

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कळू दिलं नव्हतं. लेख इंग्रजीत, म्हणून तमांडाने एकेक वाक्य वाचायचं आणि मी ते मराठीत सांगायचं, असं आईंनीच ठरवून टाकलं.

बाहेर हसणं चाललंय… आत एक बाई एकटी पुड्या भरतेय… बाहेरच्या प्रत्येकीच्या हातात तिच्याच हातची पुडी जातेय. मी सांगत गेले. आई ऐकत होत्या, मांडीवरच्या पदराच्या घड्या घालत.

मग ते वाक्य आलं. 'सून पुड्या न्यायला तीनदा आत आली, आणि तीनदाही तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.'

मी म्हणाले, "सून पुड्या न्यायला तीनदा आत आली." आणि थांबले.

तमांडाला मराठी चांगली समजते. पूर्वीची तमांडा असती तर तिने तिथल्या तिथे टोकलं असतं.  आता मात्र ती पुढचं वाक्य वाचेना. फोन मांडीवर ठेवून नुसती थांबली. डोळ्यांत राग नाही, घाईसुद्धा नाही…

ते थांबणं ओरडण्यापेक्षा जड होतं. शेवटी मी राहिलेलं अर्धं वाक्य सांगितलं.

आई जराही दचकल्या नाहीत. "हो, नाही बघितलंस. मी बघत होते ना तुझ्याकडे. वाटायचं, आता म्हणेल… आई, चला बाहेर."

"चुकलं माझं," मी म्हणाले.  आईंनी माझा हात धरला आणि मान तमांडाकडे वळवली.

"आणि तू गं? एवढं धीटपणे लिहायचीस, आता नोकरीसाठी सगळं पुसून टाकणार?"

तमांडाने खाली पाहिलं. "दादी, अब वहाँ बोलूँगी जहाँ नियम बनते हैं."

"बोलू देतात का?"

"अभी तो सिर्फ़ नोट्स लिखवाते हैं."

आई खुदकन हसल्या. तमांडाही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. केवढं सोडून ती तिथे जातेय, ते मला तेव्हा दिसलं.

ब्लॉग बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी त्या लेखाखाली माझ्या नावानिशी लिहिलं, 'यातली सून मी. लिहिलंय ते खरं आहे.' तमांडाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पान उघडत नाही.

माझ्या त्या दोन ओळीही त्याच्याबरोबरच गेल्या… म्हणून इथे लिहिलं. पोस्ट करण्याआधी आईंना सगळं वाचून दाखवलं, एकही वाक्य न गाळता.