रेतीत पुरलेले गुलाब

ऊन खाल्लेल्या रेतीचा वास आला की मला गांधीबागेतली आमची गच्ची आठवते. मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे असले की आई तिच्याकडून फुलं सुकवून घ्यायची. मुलीच्या हातची कला म्हणून बैठकीत ती दाखवता येत. बहीण बिस्किटांच्या डब्यात गुलाब मांडून वर चाळलेली रेती हलक्या हातानं सोडायची आणि डबा उन्हात ठेवायची. बरीच स्थळं नकार देऊन गेली होती. एका दुपारी बघायला आलेल्या मुलाच्या आईनं फुलदाणीतलं एक फूल चिमटीत धरलं, तर पाकळ्या सतरंजीवर गळाल्या. "फुलं ठीक हायेत, पोरगीच सुकलेली दिसून राहिली," ती हसत म्हणाली. पाहुणे गेल्यावर बहीण पाकळ्या वेचता वेचता थांबली. "आई, मी थकली वं." एरवी दटावणारी आई तिच्याजवळ बसली आणि तिच्या अंबाड्यातल्या पिना एकेक काढू लागली. "राहू दे ते. झोप तू. आता कोणी येत नाही, तुह्या बाबाले मी सांगतो." बहीण तिथंच सतरंजीवर दिवेलागणीपर्यंत झोपली. आता माझ्या घरातलं सगळं आवरून मी पलंगावर टेकते, तेव्हा वाटतं, "राहू दे ते, झोप तू," असं कोणीतरी मलाही म्हणायला हवं होतं.