टेकचंद सरांचं वजनदार इंग्रजी

गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं आणि टेकचंद सरांसकट सगळे पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. येताना कुणी गुरं आणली, कुणी देव आणले. सरांनी आपलं इंग्रजी आणलं. निवृत्तीनंतर वसाहतीचे सगळे अर्ज तेच लिहीत. अर्ज मराठीतही चालला असता, पण मराठीत काय, कुणीही लिहितो. साहेबावर वजन पडायचं तर इंग्रजीच हवं, आणि तेही लांबलचक, यावर वसाहतीत दुमत नव्हतं.

यंदा नळाची मोटर जळाली. ज्या पाण्यासाठी गाव सोडलं ते वसाहतीतून डोळे भरून दिसे, नळाला मात्र थेंब नाही. सरांच्या पत्नी गोदावरीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी शेजारच्या गावच्या विहिरीवरून गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, भरून आणत. सर खुशीत होते, कारण अर्ज लिहायचा होता.

त्यांनी तो पानभर लिहिला. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’पासून निघालेलं वाक्य ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ला वळसा घालून ‘ॲट धिस पॉइंट ऑफ टाइम’पाशी दम खाई. मोटर पानाच्या तळाशी कुठेतरी होती.

त्यांची मुलगी खुशबू नागपूरला लोकांचं इंग्रजी नीट करण्याचीच नोकरी करते. सुट्टीवर आलेल्या तिने पेन हातात घेतलं. एका वळशाच्या जागी ‘बिकॉज’ आलं, दुसऱ्याच्या जागी ‘नाऊ’. आदर आणि नम्रता यांची रवानगी झाली. उरल्या चार ओळी: मोटर जळाली आहे, घरांत पाणी नाही, माणूस पाठवा.

“बाबा, साहेबाले इतकंच वाचाचं राहते,” ती म्हणाली.

जन्माची पुंजी कुणी उकिरड्यावर टाकावी तसं सरांना झालं. त्यांनी दोन्ही अर्ज मंदिराच्या ओट्यावर मंडळींपुढे ठेवले. मंडळींनी ते वाचले नाहीत, हातात धरून पाहिले. “चारच ओळी?” सुखराम म्हणाला. “साहेबाले वाटन, यायले तहानच नाही.” मोठा अर्ज गेला. सरांनी लेकीकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

उत्तर आलं. इंग्रजी अर्जाला इंग्रजी उत्तर, आणि काय थाटाचं! पानभर एकच वाक्य. ओट्यावर ते मोठ्याने वाचताना सरांचा आवाज चढत गेला. एवढ्या तोलामोलाचा माणूस त्या कचेरीत बसतो, याचा त्यांना अभिमान वाटला. मंडळींनीही माना डोलावल्या.

गोदावरीबाई रिकामा गुंड कमरेवर घेऊन उभ्या होत्या. “अजी, पाणी येईन का नाही, तेवढं सांगा.”

सरांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. मनातल्या मनात ‘इन द लाइट ऑफ’ खोडलं, ‘ॲज अँड व्हेन’ खोडलं, ‘अंडर ॲक्टिव्ह कन्सिडरेशन’वर बराच वेळ अडले आणि शेवटी तेही खोडलं.

“नाही,” ते म्हणाले.

“मंग पोरीले खोडू काहून नाही देलं?” एवढं विचारून गोदावरीबाई विहिरीच्या वाटेला लागल्या.

सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, घरातून बादली आणली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.