रुवैसच्या हळदीकुंकवात एका नाटककाराचं मरण

शारजात वाढलेली माझी नात रेवा मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते. तिने चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज नाटककार-कवीवर चक्क मराठीत एकपात्री लिहिलं, हे कळल्यावर मी नाशिकहून निघालेच. प्रयोग होता रुवैसला, तिथल्या मराठी कुटुंबांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात.

शारजातल्या अल नहदाहून सकाळी लवकर निघा, नाहीतर दुबई ओलांडेपर्यंतच जीव नकोसा होतो. अबू धाबी मागे पडलं की रस्ता सरळ, इतका सरळ की गाडी चालवता चालवता माझी लेक, रेवाची आई मुग्धा, जांभया देऊ लागली. पेट्रोल पंपावर करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घ्याच. दोन दिरहम, म्हणजे पंचेचाळीसच्या वर रुपये! मी तोंडसुख घेतलं आणि दुसरा कप मागवला.

रुवैस म्हणजे तेलशुद्धीकरणाचं गाव. हॉलमध्ये समई, तिळगूळ, वाणाला प्लास्टिकचे डबे. यजमान पाटकरवहिनींनी रेवाला जवळ घेतलं. "बाळा, शेवट तेवढा बदल हं. पेटत्या समईपुढे कुणी मरायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. तो नाटककार म्हणजे जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकला, रंगभूमी दणाणून सोडली आणि तिशीच्या आत एका भांडणात सुऱ्याने मेला.

"वहिनी, तो तुमच्या कमिटीला विचारून मेला नाही."

"ताई, सणाचा दिवस आहे. लग्नबिग्न लावा त्याचं."

"लग्न!"

"आजी, प्लीज डोन्ट फाइट," रेवा पुटपुटली. "बट इफ ही डझन्ट डाय, आय वोन्ट डू इट." आणि ती कागद पिशवीत भरू लागली.

वहिनींनी त्यातला एक कागद उचलून वाचला. "हे मराठी तू लिहिलंस? स्वतः?"

रेवाने मान डोलावली.

"यल्ला, चला मग, आधी कुंकू उरकू."

वाणं वाटून झाली. वहिनींनी समईला नमस्कार केला, फुलाने वाती शांत केल्या आणि समई आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "खलास. आता मरू दे त्याला."

रेवा मेली, अगदी सावकाश. पहिला हुंदका वहिनींचा.

नाशिकला परतून आठवडा झाला नाही तोच त्यांचा फोन. "ताई, तो जगला असता तर पुढे काय लिहिलं असतं हो?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी त्याच्या कविता घोकून घेतल्या होत्या, त्या मला आजही पाठ आहेत. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"रेवाला विचारा," मी म्हटलं. "आणि मराठीत विचारा."