बोटांची मागणी

आमच्या घरी रद्दीत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त निघायची. वडील युनियनवाले, मी वाचायला शिकले तेच 'कामगार बंधू-भगिनींनो'पासून. त्यामुळे अंबडच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर नोकरी लागली, तेव्हा माझे हात शिवशिवत होतेच.

आम्ही जहाजांतले पाइप धरून ठेवणाऱ्या पट्ट्या बनवायचो. जहाज मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी लागले तेव्हा ऑर्डरी नव्हत्या. 'मंदी आहे' म्हणून शेठनी संध्याकाळचा चहा बंद केला. मग वारं फिरलं. जुनी जहाजं मोडीत निघाली, नवी सगळ्यांनाच हवी, बांधणारे मोजकेच, आणि त्यांच्याकडे पुढची कित्येक वर्षं जागा नाही. आमच्यामागे पट्ट्यांचा तगादा लागला. तेजी आली, चहा आला नाही. उलट हात आत जाऊ नये म्हणून पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनला लावलेल्या जाळ्याच शेठनी काढायला लावल्या. जाळीमुळे वेग कमी होतो म्हणे.

पहिल्या प्रेसवर दिंडोरीकडच्या मावशी होत्या. दुसऱ्याच दिवशी प्रेसने त्यांच्या तर्जनीचं नख नेलं.

मी पेटलेच. पत्रक लिहिलं: 'बोटींची मागणी वाढली, पुरवठा अपुरा! मग जाळ्या का काढल्या?' 'जहाज' फार पुस्तकी, कामगाराला 'बोट' जवळची, असा माझा गाढा अभ्यास. छापून आलेला गठ्ठा न वाचताच सकाळी गेटवर वाटून टाकला.

"पोरी," मावशींनी हाक मारली, "बोटांची मागणी वाढली? कोणाला पायजेत गं?"

मी पाहिलं. छापखान्यातल्या डीटीपीवाल्याने माझी 'चूक' प्रामाणिकपणे सुधारली होती, तीही पानभर. 'जुनी बोटं मोडीत काढून नवी घेण्याकडे मालकांचा कल आहे.' 'बोटं वेळेवर मिळत नसल्याने ग्राहक हवालदिल.'

"अर्धी चालत्यात का?" शेजारच्या प्रेसवरच्या काकांनी विचारलं. सगळं शेड हसलं.

तेवढ्यात शेठ पत्रक फडकवत आले. "हे काय छापलंय?"

"शेठ, शुद्धलेखनाची चूक आहे, मी लगेच शुद्धिपत्र..."

मावशींनी माझ्या पायावर पाय दिला. "चूक कसली, शेठ?" त्यांनी पट्टी बांधलेल्या बोटासकट दोन्ही पंजे वर केले. "आज दहा हायेत. पायजे तर आत्ताच न्या, प्रेसला कशाला तरास?"

काकांनी मशीन बंद करून पंजे वर केले. मग पुढच्याने. मग सगळ्यांनी. दुपारी जहाजवाल्यांचा तपासनीस माल बघायला येणार होता, आणि प्रत्येकाच्या खिशात ते पत्रक होतं. शेठनी घड्याळाकडे पाहिलं, मग पंजांकडे.

"फिटरला बोलवा," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या जाळ्या बसल्या. मी कोपऱ्यात शुद्धिपत्र लिहीत होते. तत्त्व म्हणजे तत्त्व. मावशी आल्या, कागद ओढून त्यावर भाकरी ठेवली आणि चटणी वाढली.

"खा आधी," त्या म्हणाल्या. "आन् दुरुस्त करशील तर लय मार खाशील."