बांधलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर उलट फुशारकीच मारत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांच्यापुढे जीभ रेटत नाही.

जव्हार संस्थानात पाणाड्या म्हणून माझं नाव होतं. विहीर कुठे खणायची ते दाखवणारा. तळहातावर नारळ घेऊन अनवाणी चालायचं. खाली पाणी असेल तिथे हात थरथरतो. खरं सांगू? सुरुवातीला हात मीच हलवायचो. भर उन्हाळ्यात हिरवंगार राहिलेलं उंबराचं झाड हेरायचं आणि त्याच्याजवळ जाऊन थरथरायचं — घरी आरशासमोर सराव केला होता मी! पाणी लागत गेलं. लोक म्हणायला लागले, ह्याच्या अंगात काहीतरी आहे. आणि ऐकून ऐकून मलाही ते पटलं. पुढे पुढे हात कोण हलवतं, हे माझं मलाच कळेनासं झालं. एवढी माणसं पाया पडतात ती काय उगीच?

असाच जामसरकडच्या एका पाड्यावर गेलो. कारभाऱ्याने अंगणात माझे पाय धुतले, सगळे पाया पडले. सगळे म्हणजे — लखी सोडून. लखी विधवा, मूलबाळ नाही, टोकाच्या झोपडीत एकटी राहायची. ती नागली दळत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दळायला लागली. बस्स, एवढंच. कामात असलेल्या बाईचं पाहणं होतं ते. पण मला वाटलं, हिला आरशासमोरचा मी दिसलो.

मी जागा दाखवली. त्यांनी कातळ लागेपर्यंत खणलं, मग कातळही फोडला. थेंब नाही. मला परत बोलावणं आलं. खड्ड्याच्या काठावर अख्खा पाडा उभा होता. मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? चार लोक हसले असते. पण मी — आणि चुकतो?

"पाणी होतं," मी म्हणालो. "कुणीतरी करणी करून बांधलंय."

कारभारी जवळ आला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "कोनी बांदलाय, बाबा? आमाला सांग."

मी नाव घेतलं नाही. कित्येक वर्षं मी ह्याच एका गोष्टीला धरून होतो — की नाव मी घेतलंच नव्हतं. मी फक्त मान वळवली आणि टोकाच्या झोपडीकडे पाहत राहिलो. एकेक करून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मागून कुणी बाई पुटपुटली, "भुताळी." तो शब्द ऐकून मला काय वाटलं असेल? सांगायला लाज वाटते — हायसं वाटलं.

परतीची वाट लखीच्या दारावरूनच होती. मला पाहून ती उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"दमलास, बाबा. पानी पी."

तेव्हाही मागे फिरता आलं असतं. पाडा हाकेच्या अंतरावर होता. मी पाणी प्यालो आणि निघालो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कळलं. झोपडी जाळली होती. लखी त्या खड्ड्यात सापडली, अंगावर दगड लोटलेले. दरबारचा शिपाई मलाही विचारायला आला. मी म्हणालो, मला काय ठाऊक, मी पाणी दाखवणारा माणूस.

माझं नाव आणखी वाढलं. लोक म्हणत, ह्याला बांधलेलं पाणीसुद्धा दिसतं. थेट मोखाड्याकडून बोलावणी यायला लागली, आणि मी जात राहिलो. एकच गोष्ट बदलली. पाड्यात शिरल्यावर मी जमीन आधी बघेनासा झालो. आधी घरं बघायचो — एकटं कोण राहतं ते.